शेती राज्याची, मग निकष कोना शे?

चोपडा तालुक्यातल्या एका तरुणाने विचारलं आहे: "पुस्तकात वाचतो की शेती राज्याचा विषय. प्रत्यक्षात केळीचं नुकसान झालं की आमदार म्हणतात केंद्राचे निकष आड येतात, खासदार म्हणतात राज्याने प्रस्तावच पाठवला नाही. खरा अधिकार कोणाचा?" स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करता करता वडिलांची तीन एकर बागही सांभाळतो, असं त्याने शेवटी लिहिलंय. म्हणून उत्तर जरा लांबवतो.

मी महसूल खात्यात ३३ वर्षं काढली. नायब तहसीलदार म्हणून लागलो, उपजिल्हाधिकारी म्हणून निवृत्त झालो. जळगाव, धुळे, नंदुरबार सोडून फारसा कुठे गेलो नाही. घटनेचा पंडित मी नव्हे, पण घटना बांधावर उतरते तेव्हा कशी दिसते ते पाहिलंय.

भाऊ, तुमच्या पुस्तकातल्या याद्या खऱ्याच आहेत. सातवी अनुसूची, तीन याद्या (केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून समवर्ती), शेती राज्य यादीत १४ व्या क्रमांकावर. पण कायदा कोणी करायचा एवढंच त्या याद्या सांगतात. पैसा कोणाच्या खिशातून, कोणत्या अटीवर आणि बांधावर उभं कोणी राहायचं, या तीन गोष्टी तिथे सापडत नाहीत. आणि शेतकऱ्याचा संबंध नेमका या तीन गोष्टींशी येतो.

एक प्रसंग सांगतो. मे महिना, तापीकाठ. संध्याकाळी अर्धा तास वारा सुटला आणि निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, केळीच्या बागा आडव्या झाल्या. सकाळी तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांना घेऊन बांधावर गेलो. खोडं मधोमध मोडलेली, घड मातीला टेकलेले, चिकाचे काळे डाग पानांवर. पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना असतो, नुकसानीचं कारण. तलाठी नवा पोरगा होता. हळूच म्हणाला, "साहेब, गारपीट लिहू का? दोन-चार गारा पडल्या असं लोक म्हणताय."

त्याने असं का विचारलं ते समजून घ्या. आपत्तीत जी मदत मिळते ती राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. नाव राज्याचं, पण महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यात ७५ टक्के पैसा केंद्राचा आणि २५ टक्के राज्याचा. त्यातून कशासाठी किती द्यायचं ते दिल्लीत ठरतं. केंद्राच्या यादीत १२ आपत्ती आहेत: चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमकडा, ढगफुटी, कीड, थंडीची लाट. आपल्याकडे ज्याला वादळी वारा म्हणतात तो त्यात नाही. अवकाळी पाऊसही नाही. हिमकडा आहे, आणि तो तापीकाठी कोसळायची वाट पाहत बसणं काही परवडत नाही. राज्याला स्वतःची स्थानिक आपत्ती जाहीर करता येते, पण त्यासाठी निधीतला फक्त १० टक्के भाग वापरता येतो.

बागेचा मालक, सत्तरीचा म्हातारा, आमचं बोलणं ऐकत होता. अहिराणीत म्हणाला, "सायेब, वावर मन्हं, केळी मन्ही, नुकसान मन्हं. मंग हाऊ निकष कोना शे?"

मी म्हणालो, "आप्पा, दिल्लीना."

"मंग तुम्ही काबर उनात?"

मग तुम्ही कशाला आलात, यावर मला उत्तर सुचलं नाही. आजही जे सुचतं ते एवढंच की केंद्र सरकारला तालुक्यात पाय नाहीत. पोस्ट, रेल्वे, इन्कम टॅक्स सोडलं तर दिल्लीचा माणूस गावात येत नाही. दिल्लीचा कायदाही राज्याचाच तलाठी राबवतो. घटनेने तशी सोयच केली आहे: कलम २५६ आणि २५७ प्रमाणे केंद्र राज्याला निर्देश देऊ शकतं, २५८ प्रमाणे आपलं काम सोपवू शकतं. फागणे-तरसोद हायवेसाठी जमीन घ्यायची तर कायदा १९५६ चा, केंद्राचा. नोटिसीवर सही मात्र राज्याच्या प्रांताधिकाऱ्याची. शिव्या कोणाला बसतात ते सांगायला नको.

त्या दिवशी मी तलाठ्याला जे दिसलं तेच लिहायला लावलं. पैसे आले, पण राज्याने वेगळा जीआर काढल्यावर, सात महिन्यांनी. शेजारच्या महसूल मंडळात बहुधा गारा पडल्या असाव्यात, तिथे लवकर आले.

आता आमदारसाहेबांच्या वाक्याकडे. "केंद्राचे निकष आड येतात" हे अर्धंच खरं. केंद्राचा निकष केंद्राच्या पैशापुरता बांधतो. राज्याला आपल्या तिजोरीतून वर द्यायला कोणी अडवलेलं नाही, आणि महाराष्ट्राने ते केलेलंही आहे. केंद्राच्या दराने बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, दोन हेक्टरपर्यंत. २०२४ च्या सुरुवातीला राज्याने तेच ३६,००० रुपये आणि तीन हेक्टर केलं. २०२५ मध्ये तिजोरी आखडली आणि गाडी पुन्हा केंद्राच्या दरावर आली. दोन्ही वेळा राज्यघटना तीच होती, याद्याही त्याच.

विम्याचं जरा निराळं आहे. हवामान आधारित फळपीक विमा योजना केंद्राची. मार्गदर्शक सूचना दिल्लीच्या, कंपनी निवडायची निविदा राज्याची, कोणत्या तापमानाला किती दिवसांनी भरपाई सुरू होणार तो तक्ता राज्याच्या जीआरमध्ये, आणि हप्ता तिघांचा: शेतकऱ्याचे ५ टक्के, उरलेल्यात केंद्र आणि राज्य. शेतकरी भरतो आधी. सरकारी वाटा आला नाही तर कंपनी हात वर करते. अशा वेळी "विमा कोणाचा विषय" हा प्रश्न निरर्थक होतो. कोणाचा हप्ता कोणत्या तारखेला गेला, एवढंच विचारायचं असतं.

केळीइतकाच आपला दुसरा जीव म्हणजे कापूस. परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी नेहमी समवर्ती यादीतली ३३ वी नोंद काढून वाचायला सांगतो. त्यात काय आहे बघा: खाद्यपदार्थ आणि खाद्यतेलबिया, गुरांचा चारा आणि ढेप, कच्चा कापूस आणि सरकी, कच्चा ताग. हो, आपल्या घाणीवरची ढेप थेट भारताच्या राज्यघटनेत आहे! १९५४ च्या तिसऱ्या दुरुस्तीने ही नोंद या रूपात आली. म्हणजे कापूस पिकवणं राज्याकडे, बाजार समिती राज्याकडे, पण कापसाच्या व्यापारावर कायदा दोघांनाही करता येतो, आणि दोघांचे कायदे भिडले तर कलम २५४ प्रमाणे केंद्राचा टिकतो. २०२० चे कृषी कायदे याच नोंदीच्या आधारावर आले होते. बाजार राज्य यादीत असताना दिल्लीने बाजार समितीबाहेरच्या व्यापाराचा कायदा केला कसा, असं लोक विचारत होते, त्याचं उत्तर ही नोंद. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये ते मागे घेतले गेले, पण ते रस्त्यावरच्या आंदोलनामुळे. कायदा घटनेत बसतो का याचा शेवटचा निकाल कोर्टात लागलाच नाही.

एके काळी उलटंही होतं. १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्राने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. पुढची कित्येक वर्षं राज्यातला सगळा कापूस सरकारच घ्यायचं. चांगलं की वाईट यावर जळगावच्या जिनिंगवाल्याशी आणि शेतकऱ्याशी बोललात तर दोन टोकाची मतं ऐकाल. माझं मत विचाराल तर चुकारे थकले तेव्हा ती योजना मेली. पण राज्याला तेव्हा तेवढी छाती होती हे लक्षात ठेवा. आज हमीभाव दिल्ली जाहीर करते, कापूस खरेदी करणारं महामंडळ सीसीआय दिल्लीचं, बियाण्याच्या पाकिटाची कमाल किंमत २०१५ च्या केंद्राच्या आदेशाने ठरते, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं तेही दिल्लीनेच, ऐन नव्या हंगामाच्या तोंडावर. कांद्याचं तेच. साक्रीचा शेतकरी पिकवतो, राज्याच्या समितीत विकतो, पण बंदराचं दार केंद्राकडे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीने ते एका रात्रीत बंद झालं. शेती राज्याची असून शेतमालाचा भाव मात्र राज्याच्या हातात राहिलेला नाही, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

जंगलाची गोष्ट सातपुड्यात जाऊन कळते. मूळ घटनेत वन राज्य यादीत होतं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने पाच विषय राज्याकडून काढून समवर्ती यादीत नेले: शिक्षण, वन, वन्यप्राणी, वजनमापं आणि न्यायदानाची व्यवस्था. आणीबाणीतली ही दुरुस्ती पुढे बरीचशी उलटवली गेली, पण हे पाच विषय परत आले नाहीत. कोणत्याच पक्षाने आणले नाहीत, हे मुद्दाम सांगतो. मग १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर केंद्राची परवानगी लागायला लागली. सरदार सरोवरात आपल्या अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं बुडीतात गेली, त्यांच्यासाठी तळोद्याचं जंगल मोकळं करायचं तर राज्याला दिल्लीच्या दारात उभं राहावं लागलं. जंगल राज्याचं, विस्थापित माणसं राज्याची, परवानगी दिल्लीची. मी रोझवा, रेवानगर या पुनर्वसन वसाहतींच्या प्लॉटवाटपाच्या फाईली नंतर हाताळल्या. त्यातला अर्धा पत्रव्यवहार फक्त "आपल्या पत्राच्या अनुषंगाने" एवढ्यावर चाललेला.

पण इथेच एक गंमत आहे. २००६ चा वनहक्क कायदा हाही केंद्राचाच. त्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता अशा १३ सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं जात नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर मिळू शकते. फाईल दिल्लीला जात नाही. धडगावच्या एका पाड्यावर अंगणवाडीची जागा या कलमाखाली दोन महिन्यांत मिळाली. त्याआधी त्याच पाड्याच्या रस्त्याची फाईल चार वर्षं फिरत होती. दिल्लीने राज्याच्या डोक्यावरून थेट पाड्याच्या हातात अधिकार दिला, आणि तो द्यायला सगळ्यात कुरकुर राज्याच्याच कार्यालयांतून झाली. तेव्हा केंद्र म्हणजे हिसकावणारं आणि राज्य म्हणजे आपलं, असं सरसकट गणित मांडू नका.

हद्दींचं तर विचारूच नका. कलम ३ प्रमाणे संसद साध्या बहुमताने राज्याच्या सीमा बदलू शकते. राज्याचं मत विचारायचं असतं, संमती लागत नाही. १९६० साली मुंबई राज्य विभागलं तेव्हा पश्चिम खानदेशातली, म्हणजे नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली १५६ गावं गुजरातला गेली. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं या राज्यात, अर्धं त्या राज्यात. बाकावर एका टोकाला बसलात तर महाराष्ट्रात, दुसऱ्या टोकाला गुजरातमध्ये. लोक तिथे फोटो काढतात. मला मात्र दर वेळी आठवतं की ही रेघ मारायला राज्याची सही लागत नाही.

पैशाकडे वळतो. घरकुल घ्या. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये. ७२ हजार केंद्राचे, ४८ हजार राज्याचे. यादी कशी करायची, बांधकामाचे टप्पे कोणते, फोटो कसा काढायचा, पाटीवर काय लिहायचं, सगळं केंद्राचं. राज्याने आपला वाटा वेळेत टाकला नाही तर पुढचा हप्ता अडतो. म्हणजे राज्याचे ४८ हजारही केंद्राच्याच रस्त्याने जातात. पाटबंधारे राज्याचा विषय, तरी अमळनेरच्या पाडळसे धरणासाठी लोकांची मागणी वर्षानुवर्षं काय होती? "केंद्राच्या सिंचाई योजनेत घ्या." पैसा नसेल तर विषय आपला असून काय करायचं, हे त्या धरणाच्या अर्धवट खांबांकडे बघून कळायचं.

जीएसटीबद्दल थोडक्यात. २०१७ पासून परिषदेत केंद्राचं मत एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. कागद घेऊन मांडून बघा: केंद्र एकटं अडवू शकतं, सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय काही करू शकत नाहीत. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत. म्हणून राज्यं वेगळी वाट धरतील असं वाटलं होतं. कोणी धरली नाही. शिवाय केंद्र जो उपकर आणि अधिभार लावतं तो राज्यांत वाटावाच लागत नाही. वाटपाला येणाऱ्या १०० रुपयांत १५ व्या वित्त आयोगाने राज्यांना ४१ दिले, त्यातला महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. म्हणजे साधारण २ रुपये ५९ पैसे.

रोजगार हमीवर मात्र थांबतो, कारण ती आपली होती. १९७२ च्या दुष्काळात धुळे-जळगावच्या खडी फोडणाऱ्या बाया आमच्या पिढीने पाहिल्या. त्यातून महाराष्ट्राने १९७७ चा कायदा केला. मागेल त्याला काम, आणि पैसा राज्याचा स्वतःचा. त्यासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. पगारपत्रकात दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, ते मूळचे यासाठी. ही कल्पना दिल्लीने २००५ मध्ये उचलली आणि देशभर नेली. धुळे आणि नंदुरबार पहिल्याच टप्प्यात होते. मजुरी केंद्र द्यायला लागलं, राज्याला हायसं वाटलं. पण मस्टर, दर, ॲप, सगळं दिल्लीकडे गेलं. मजुरीचे पैसे दोन-दोन महिने आले नाहीत तेव्हा मजूर आमच्या दारात, आणि आमच्याकडे दाखवायला फक्त कॉम्प्युटरचा पडदा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या जागी नवा कायदा केला: दिवस १२५, पण खर्चाची वाटणी ६०:४०. योजना आपली, दिल्लीने नेली, आता बिलाचा ४० टक्के भाग परत आला आणि नियम तिकडेच राहिले. मला हे खटकतं. व्यवसाय कर अजून कापला जातोच.

राज्याची बाजू फार घेऊ नये म्हणून हेही सांगतो. केंद्र राज्याशी जसं वागतं, तसंच मुंबई आपल्याशी वागते. ७३ व्या दुरुस्तीने २९ विषय पंचायतींकडे द्यायचे होते, द्यायचे की नाही ते ठरवायचं राज्याने, मग काय व्हायचं तेच झालं. जळगाव जिल्हा परिषदेवर मार्च २०२२ ला प्रशासक बसला आणि निवडणुकीविना वर्षं सरत गेली. जीएसटी आला तेव्हा राज्याने केंद्राकडून पाच वर्षं वार्षिक १४ टक्के वाढ धरून भरपाई पदरात पाडली. धुळे-जळगाव महापालिकांना मात्र कायद्यात ८ टक्के वाढ लिहून दिली. दिल्लीत स्वायत्ततेवर भाषण करणारा माणूस मंत्रालयात आला की त्याचा चष्मा बदलतो.

आणि सरकारच नसतं तेव्हा? नोव्हेंबर २०१९ मध्ये ११ दिवस राष्ट्रपती राजवट होती. ऑक्टोबरच्या पावसाने कापूस, मका, ज्वारी काळी पडलेली. राज्यपालांनी मदत जाहीर केली, खरिपाला हेक्टरी ८ हजार आणि फळबागांना १८ हजार, दोन हेक्टरपर्यंत. पंचनामे त्याच तलाठ्यांनी केले, त्याच रकान्यांत.

आता तुमच्या तीन एकरांपुरतं. वाऱ्याने बाग पडली तर ७२ तासांच्या आत विमा कंपनीला कळवा आणि त्याची पोच ठेवा. तहसीलदारांकडे पंचनाम्याचा अर्ज वेगळा द्या. हे दोन निराळे पैसे आहेत. एकाचा कागद दुसरीकडे चालत नाही, आणि यातच निम्मे लोक चुकतात. पैसे अडले तर आमदार-खासदारांच्या वादात पडू नका. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून दोनच गोष्टी विचारा: राज्याने विमा हप्त्याचा आपला वाटा कोणत्या तारखेला वर्ग केला, आणि नुकसानीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने वर गेला. "प्रस्ताव पाठवला आहे" असं मोघम उत्तर आलं तर अपील करा आणि जावक क्रमांकच मागा. तो नसेल तर खासदार खरे, असेल तर आमदार.